तीनशे सहासष्ट दिवस अबोला

१४ जानेवारी, रविवार

कॉलेजातले थ्रेलफॉल सर म्हणाले, "लिहून ठेव. तारीख घालून. उद्या कोणी विचारलं तर तोंडी सांगितलेलं चालत नाही." म्हणून ही वही. मन मोकळं करायला मी ती घेतलेली नाही, पुरावा म्हणून घेतली आहे. (दोन पौंड दहा. कोपऱ्यावरच्या दुकानात लुटतात.)

तर पुरावा असा. मी ब्रायनी हॅल्सॉल, वय सतरा, राहणार मोरकॅम. आईशी शेवटचं बोलणं गेल्या वर्षी ३ जुलैला, संध्याकाळी सव्वासहाच्या सुमारास. आज एकशे पंच्याण्णवावा दिवस.

वर्षभराचा अबोला पूर्ण झाला तरच माझं कॉलेजच्या पुढचं काही खरं आहे. शिक्षणकर्जाचा फॉर्म घरच्यांचं उत्पन्न विचारतो. घरचे म्हणजे आई आणि तिचा नवरा टेरी. टेरी छपरांची कामं घेतो, बरं कमावतो, म्हणून मला सगळ्यात लहान कर्ज मिळणार आणि बाकीचं घरून मिळेल असं धरलेलं. घरून! टेरीने मला घरून काय दिलं तर कचऱ्याच्या तीन काळ्या पिशव्या, त्यात माझेच कपडे कोंबलेले. पूर्ण कर्ज हवं तर आईवडिलांपासून आपण तुटलो आहोत हे सिद्ध करावं लागतं. बाबांचं सोपं आहे. मी दोन वर्षांची असतानाच ते वारले, मृत्यूचा दाखला जोडला की झालं. जिवंत माणसांची कागदपत्रं फार.

३ जुलैला काय झालं ते सरांनी नीट लिहायला सांगितलंय. टेरीने माझ्या खोलीचं दार लाथेने तोडलं. कारण आता आठवतसुद्धा नाही, बहुतेक ओला टॉवेल. आई बाहेरच्या पायरीवर येऊन म्हणाली, "जा ब्रायनी. मॉरीनकडे जा. परत येऊ नकोस." टेरी तिच्या मागेच उभा होता. आईच्या डोळ्यात टिपूस नाही. दार लावून घेतलं.

मॉरीनबाई म्हणजे मॉरीन गार्स्टँग. त्यांच्या लाँड्रीत मी शनिवारी काम करायचे, आता वरच्या खोलीत राहते. अडुसष्ट वय, गुडघे गेलेले, जीभ शाबूत.

२ फेब्रुवारी, शुक्रवार

अठरा पूर्ण. मॉरीनबाईंनी केक आणला आणि मेणबत्त्या लावायला विसरल्या. टपालात आईचं पाकीट आलं. अक्षर बघूनच ओळखलं.

उघडलं नाही. उघडलं तर संपर्क झाला असं धरतील का? न उघडता घरात ठेवलं तर? परत पाठवलं तर तो उलट मीच केलेला संपर्क! कर्जवाल्यांना फोन लावला. पस्तीस मिनिटं संगीत ऐकलं. मग एक भला माणूस म्हणाला, "मॅडम, एका कार्डावरून काही ठरत नाही. पूर्ण परिस्थिती बघावी लागते." म्हणजे ठरतही नाही आणि ठरतंही.

मॉरीनबाई म्हणाल्या, "अगं, उघड ना. पाकिटात बसून काय पोलीस आलेत?"

"तुम्हाला कळत नाही हो. लेखी संपर्क तो लेखी संपर्क."

पाकीट सरांना देऊन टाकलं. त्यांनी त्यावर तारखेचा शिक्का मारून कपाटात ठेवलं. आता ते 'पुरावा क्रमांक चार' आहे.

२९ फेब्रुवारी, गुरुवार

लीप वर्ष! म्हणजे वर्ष तीनशे पासष्ट दिवसांचं नव्हे, तीनशे सहासष्टांचं. इतकी वर्षं होती, नेमकं यंदाच.

९ मार्च, शनिवार

प्लिमथ विद्यापीठाने जागा देऊ केली आहे. भूगर्भशास्त्र. अट: तिन्ही विषयांत बी. प्लिमथ का, असं सगळे विचारतात. नकाशा बघा म्हणावं. आम्ही वरती, ते अगदी खाली. मध्ये अख्खा देश.

सराव परीक्षेत भूगोल ए, गणित बी, रसायन डी. डी! रसायनाचे मिस्टर डंकली म्हणाले, "घाबरू नकोस, अजून वेळ आहे." ज्यांना घाबरायचं नसतं ते लोक नेहमी असंच सांगतात.

थ्रेलफॉल सरांनी माझे अपेक्षित गुण बी, बी, बी असे लिहून पाठवले होते. मी म्हटलं, "सर, तुम्ही खोटं लिहिलंत." तर म्हणतात, "मी आशा लिहिली. ती लिहायला परवानगी असते."

१३ एप्रिल, शनिवार

नीट लिहिते.

सकाळी अकरा वाजून दहा मिनिटं. मी लाँड्रीत एकटी, मॉरीनबाई मागे ड्रायरमधला कचरा काढत होत्या. दार उघडलं आणि आई आत आली. हातात निळी पिशवी, कपड्यांनी भरलेली. बारीक झालीये. केस कापलेत, तेही वाकडेतिकडे, स्वतःच कापल्यागत.

आमचं संभाषण जसंच्या तसं:

मी: "धुवून वाळवून की नुसतं धुवून?"

ती: "वाळवून."

मी: "नाव?"

ती: "हॅल्सॉल."

मी: "चारनंतर. पावती जपून ठेवा."

ती: "घाई नाही."

एवढंच. मी दहा शब्द, तिने चार. आता तिचं आडनाव टेरीचं आहे, बिकर्स्टाफ. मुद्दाम माझं सांगितलं, मला डिवचायला. पावती घेतली आणि तिथेच उभी राहिली. भिंतीवरची दरांची पाटी वाचत होती की माझ्याकडे बघत होती, मला कळलं नाही, कारण मी वर मान केली नाही.

मॉरीनबाई बाहेर आल्या, एकदा आईकडे आणि एकदा माझ्याकडे बघितलं. "पोरी, आत जा. तीन नंबरचा ड्रायर बघ." ड्रायरला काहीच झालेलं नव्हतं. मी पंधरा मिनिटं त्याच्या काचेतून कोणाचे तरी पडदे फिरताना बघत बसले. बाहेर दोघी काहीतरी बोलत होत्या, मशीनच्या आवाजात एक अक्षर ऐकू आलं नाही.

नंतर मॉरीनबाई म्हणाल्या, "गिऱ्हाईक होतं. गिऱ्हाइकाशी बोलणं म्हणजे काय बोलणं? पाद्रीबुवांचे मोजे धुतेस म्हणून तू काय चर्चला गेलीस असं होतं का?"

"काय सांगत होती ती?"

"साबणाबद्दल," त्या म्हणाल्या आणि चहा करायला गेल्या.

दोनशे पंच्याऐंशी दिवस. की पुन्हा पहिल्या दिवसापासून मोजायचं? जीव नुसता टांगणीला लागलाय.

२७ एप्रिल, शनिवार

आई आता गुरुवारी येते. मी कॉलेजात असते तेव्हा. फळीवर पिशवी दिसली, तिच्यावर 'हॅल्सॉल'. मॉरीनबाई जेवायला गेल्या तेव्हा मी उघडून बघितली. बघायला नको होती. पण कपड्यांशी संपर्क ठेवू नये असं फॉर्ममध्ये लिहिलेलं नाही.

दोन ब्लाउज, एक हिरवं कार्डिगन, दोन टॉवेल, एक उशीचा अभ्रा. एक चादर, एकेरी पलंगाची. टेरीचं काहीच नाही. त्याच्या डांबर लागलेल्या पँटी कोण धुतं मग? घरात चांगलं मशीन असताना ही इथे का येते? आणि त्या घरात एकेरी पलंग एकच, माझा. माझ्या पलंगावर आता कोणाला झोपवतात? भाडेकरू ठेवला असणार. माझी खोली रिकामी व्हायचीच वाट बघत होते.

चादरीची घडी उलगडून मी ती मशीनमध्ये पुन्हा एकदा धुतली. का, ते विचारू नका.

५ मे, रविवार

कर्जाचा फॉर्म भरला. सोबत सरांचं पत्र, बाबांचा दाखला आणि माझं निवेदन. निवेदनात मी काहीही लपवलं नाही. कार्ड, त्याची तारीख, १३ एप्रिलचं संभाषण शब्दन् शब्द, मी दहा आणि ती चार, वाक्यांमधला अंदाजे वेळ, दुकानाचा नकाशासुद्धा. चार पानं झाली. उद्या कोणी म्हणायला नको की मुलीने दडवलं. छातीवरचं ओझं उतरलं.

२१ मे, मंगळवार

ओझं परत आलं.

कर्जवाल्यांचं पत्र: "आपल्या निवेदनानुसार फेब्रुवारी आणि एप्रिलमध्ये पालकांशी संपर्क झाल्याचे दिसते. संबंध कायमचे तुटले असल्याचा अधिक पुरावा द्यावा." नाहीतर नेहमीसारखं घरच्यांच्या उत्पन्नावर ठरणार. म्हणजे टेरीच्या सहीवर. टेरी मला सही देणार? तो मला रस्ता ओलांडायला हात देणार नाही.

थ्रेलफॉल सरांनी माझ्या चार पानांची प्रत वाचली आणि कपाळाला हात लावला.

"ब्रायनी, हे तुला कोणी विचारलं होतं?"

"सर, खरं लिहायचं असतं ना?"

"खरं लिहायचं असतं गं. नकाशा काढायचा नसतो!"

मग त्यांनाच वाईट वाटलं, बिस्किटाचा डबा पुढे केला. म्हणाले, तुझ्या बाजूने आपण सगळं दिलंय. आता पलीकडच्या बाजूने कोणी लिहून दिलं तरच. नातेवाईक कोणी आहे का? नाही. मी एकटीच. त्यासाठीच तर एवढा खटाटोप.

घरी येऊन मॉरीनबाईंसमोर रडले. पहिल्यांदाच. प्लिमथ गेलं, असं म्हणत होते. त्यांनी ते पत्र दोनदा वाचलं, चष्मा पुसून तिसऱ्यांदा वाचलं. "म्हणजे तिकडून कोणीतरी स्वच्छ लिहून द्यायला हवं, की ही पोरगी आम्हाला नको?"

"हो. आणि असं कोण लिहून देईल?"

मॉरीनबाईंनी पत्राची घडी घालून ते फळीवर साबणाच्या डब्याखाली ठेवलं.

२६ मे, रविवार

मॉरीनबाई सकाळी चांगला कोट घालून बहिणीकडे लँकेस्टरला गेल्या. कर्जवाल्यांचं पत्रही पर्समध्ये घालून नेलं, "ती हुशार आहे, तिला दाखवते" म्हणून. दुपारी आल्या तेव्हा डोळे लाल. मी विचारलं तर म्हणे वाऱ्याने. झाडाचं पान हलत नव्हतं. बहिणीशी भांडण झालं असणार, त्यांचं पटत नाहीच.

११ जून, मंगळवार

रसायनाचा पहिला पेपर. सकाळी ताटलीशेजारी टोस्ट, अंडं आणि परागज्वराची गोळी. जूनमध्ये गवताने माझं नाक वाहतं हे मी मॉरीनबाईंना कधीच सांगितलं नव्हतं. गेल्या जूनमध्ये तर मी इथे राहतही नव्हते.

"तुम्हाला कसं कळलं?"

"तुझं नाक बघितलं की कळतं."

नाक अजून वाहायला लागलेलंही नव्हतं. पण गोळी घेतली, पेपरभर एक शिंक आली नाही. चौथा प्रश्न बरोबर आला असेल तर बी. नसेल तर देवच जाणे.

२४ जून, सोमवार

सरांनी बोलावून घेतलं. दार लावलं. टेबलावर एक पत्र, आईचं. माझ्या नावाने नव्हे, 'संबंधितांस'.

उतरवून घेते, कारण हाही पुरावाच:

"मी ब्रायनी हॅल्सॉलची आई. तिने ३ जुलैला माझ्या सांगण्यावरून घर सोडलं. त्यानंतर आमच्यात कोणतेही संबंध नाहीत. फेब्रुवारीत मी एक कार्ड पाठवलं, त्याला उत्तर आलं नाही. एप्रिलमध्ये मी कपडे धुवायला गेले असताना ती तिथे कामावर होती. तिने मला गिऱ्हाईक म्हणून वागवलं, मीही तिला ओळख दाखवली नाही. मी तिला शिक्षणासाठी काहीही देणार नाही आणि तिची जबाबदारी घेणार नाही. समेट होण्याची शक्यता नाही. मला तिच्याशी संबंध ठेवायचा नाही. जनीन बिकर्स्टाफ."

अक्षर एकसारखं, शाळेच्या फळ्यावरचं असावं तसं. एकही खाडाखोड नाही. आणि शब्द थेट फॉर्ममधले, 'समेट होण्याची शक्यता नाही'. कोणी सांगितले तिला? कागद वहीतून फाडलेला होता. उजेडात तिरका धरल्यावर वरच्या पानांवर लिहिलेल्याचे ठसे दिसले, माझं नाव सात-आठ ठिकाणी, आणि प्रत्येक नावापुढे काही ओळी, वाचता येत नाहीत अशा. कच्चे मसुदे केले असणार. इतकं वाईट लिहायला एवढी तयारी!

"हे पुरेसं आहे," सर म्हणाले. ते खिडकीबाहेर बघत होते. "ब्रायनी, तुझ्या आईला हे पत्र लिहायला..." मग त्यांनी पत्रावर तारखेचा शिक्का मारला.

मी म्हटलं, "बरंच झालं सर. हेच हवं होतं." मग मुलींच्या स्वच्छतागृहात जाऊन ओकले.

आता मला शंभर टक्के खात्री आहे की तिने मला टाकलं. इतके दिवस नव्व्याण्णव होती. त्या एका टक्क्यावर मी इतकी कशी विसंबून होते, कोणास ठाऊक.

३ जुलै, बुधवार

तीनशे सहासष्ट. झालं वर्ष.

मी मुद्दाम मनुकांचे एक्ल्स केक आणले. मॉरीनबाईंनी अर्धाच खाल्ला. "कसलं साजरं करतेस गं," म्हणाल्या. त्या हल्ली उदास असतात. मी जाणार म्हणून असेल.

१५ ऑगस्ट, गुरुवार

आठला निकाल. भूगोल ए, गणित बी, रसायन सी.

सी. तोंडचं पाणी पळालं. फोनवर प्लिमथच्या पानावर नुसतं गोल गोल चाक फिरत होतं. मॉरीनबाई माझ्या खांद्यावर हात ठेवून उभ्या, दुकान उघडायचं सोडून. बाहेर दोन गिऱ्हाइकं काच वाजवत होती. "आज बंद!" त्या ओरडल्या. "मळके फिरा एक दिवस!"

आठ वाजून बावीस मिनिटांनी चाक थांबलं. घेतलं! सी असून घेतलं. मी किंचाळले, मॉरीनबाई किंचाळल्या, गिऱ्हाइकंही काचेपलीकडून काही न कळता टाळ्या वाजवायला लागली.

आणि मग मॉरीनबाईंनी लगेच कोट चढवला. "दूध आणते." फ्रिजमध्ये दोन बाटल्या होत्या. पाऊण तासाने आल्या, दुधाशिवाय, आणि मला इतकं घट्ट धरलं की बरगड्या दुखल्या. आणि सोडलं, आणि पुन्हा धरलं. "हे कशाला दुसऱ्यांदा?" मी हसत विचारलं. "असू दे," म्हणाल्या. "दोन मिठ्या होत्या."

३० ऑगस्ट, शुक्रवार

पूर्ण कर्ज मंजूर. पत्र चार वेळा वाचलं, कारण माझा विश्वास राहिलेला नाही. तिसऱ्या पानावर बारीक अक्षरात: परिस्थिती बदललेली नाही हे दर वर्षी नव्याने कळवावं लागेल. पालकांशी संबंध पुन्हा सुरू झाल्यास रक्कम नव्याने ठरेल.

मी ते मोठ्याने वाचून दाखवलं. मॉरीनबाई भांडी विसळत होत्या. नळ बंद केला.

"दर वर्षी?"

"तीन वर्षं."

"मला वाटलं होतं एकदा दिलं की झालं," त्या म्हणाल्या आणि खुर्चीवर बसल्या. "आम्हाला वाटलं होतं."

"आम्हाला म्हणजे?"

"मला आणि सरांना." पण सरांना तर हे आधीपासून ठाऊक असणार. त्या ॲप्रनने तोंड पुसत होत्या, किती तरी वेळ.

१४ सप्टेंबर, शनिवार

बसमधून लिहितेय. अक्षर हलेल.

सकाळी बॅगा खाली आणल्या. मॉरीनबाईंनी सँडविचची पुरचुंडी हातात दिली आणि म्हणाल्या, "बस जरा. मला तुला एक सांगायचंय. मी सांगणार नाही असं कबूल केलंय, पण..."

मी बसले नाही. का ते मला माहीत नाही. किंवा माहीत आहे. एकेरी चादर, परागज्वराची गोळी, 'दोन मिठ्या होत्या'. गेले पंधरा दिवस हे सगळं डोक्यात ओळीने उभं राहतं, आणि मी त्याला मागे ढकलते.

"आईबद्दल आहे?" मी विचारलं.

त्यांनी होकारार्थी मान हलवली.

"मग नका सांगू. प्लीज. मला पुढच्या वर्षी सही करायची आहे की काही बदललं नाही. मला खोटं लिहिता येत नाही, मॉरीनबाई. माहीत आहे ना तुम्हाला? मी नकाशा काढते."

त्या हसायला गेल्या आणि रडल्या. मग मीही रडले. आईची आठवण येते म्हणून रडले, हे इथे लिहून ठेवते. लिहिण्यावर बंदी नाही, पाठवण्यावर आहे.

थोड्या वेळाने त्यांनी नाक पुसलं आणि विचारलं, "बरं, मग हे सगळं संपणार कधी?"

"तिसऱ्या वर्षाचा शेवटचा हप्ता आला की. त्यानंतर कोणी काही विचारत नाही."

"म्हणजे कधी?"

"एप्रिलमध्ये. ईस्टरच्या सुट्टीनंतर."

"तारीख सांग."

"आत्ता कशी सांगू? वीस-बावीस असेल."

"पंचवीस धरू का?"

"धरा."

त्यांनी वीजबिलाचं पाकीट उलटं केलं, ड्रॉवरमध्ये पेन्सिल शोधली. कुणासाठी लिहून घेताय, असं मी विचारलं नाही. विचारलं असतं तर त्यांनी सांगितलं असतं. मी फक्त तारीख आणि वर्ष पुन्हा एकदा, सावकाश सांगितलं, म्हणजे लिहिताना चूक व्हायला नको.